क्लॅरिनेटातलं मेण

माझी धाकटी नणंद अनसूया हिचं लग्न ठरलं ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. माघात साखरपुडा झाला आणि त्याच आठवड्यात माझे मालक मिरजेहून एक काळी पेटी घेऊन घरी आले. ओसरीवर घोंगडं अंथरलं, पेटी त्यावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत निळ्या मखमलीच्या खाचांत काळ्या लाकडाचे पाच तुकडे निजलेले होते. झाकणावर सोनेरी अक्षरं होती, पण घरात ती वाचणारं कुणी नव्हतं. मी तर पन्नाशी उलटल्यावर अक्षरं गिरवली.

माझे सासरे सिद्राम ऐवळे बाजूलाच बसून सनईच्या तोंडाशी बसवायची पत्ती तासत होते. त्यांनी मान वाकडी करून पेटीत पाहिलं.

"मोडलेलंच आणलंस व्हय?"

"मोडलेलं न्हाई, बा. जोडायचं असतंय."

"आमची सनई आखी असती. कुणी काय जोडत न्हाई."

मालकांनी तुकड्यात तुकडा फिरवून बसवला आणि क्लॅरिनेट उभं केलं. अंगावर बोटानं दाबायच्या रुप्यासारख्या चाव्याच चाव्या होत्या. मला ते वाद्य नव्या नवरीसारखं दिसलं, अंगभर दागिने घातलेलं आणि परक्या घरात अवघडून उभं राहिलेलं.

आमचं गाव नाथाचं बोरगाव. माण नदीच्या अलीकडं. नाथाच्या देवळाच्या महाद्वारावर नगारखाना आहे. तिथं रोज पहाटे सनई वाजवायचा मान आमच्या घराचा, किती पिढ्यांचा ते कुणाला सांगता यायचं नाही. मामंजी सनई वाजवायचे, भैरू गुरव नगारा धरायचा आणि मालक सूर धरायचे. ज्यांनी सनई जवळून ऐकली नाही त्यांना सूर म्हणजे काय ते सांगायला हवं. सनईवाला गाणं वाजवतो तेव्हा शेजारी दुसरा माणूस दुसऱ्या सनईवर एकच स्वर फुंकत बसतो. बोट हलवायचं नाही, श्वास तोडायचा नाही. सनई वर जाते, खाली येते, रुसते, हसते, आणि सूर आपल्या जागी असतो. भिंत नसेल तर चित्र कशावर काढायचं, तसं ते आहे. मालक आठव्या-नवव्या वर्षापासून भिंत होऊन बसले होते. अनसूयेचं लग्न ठरलं तेव्हा तिशीला आले होते, पण त्यांनी गावात एकदाही गाणं वाजवलेलं नव्हतं.

अनसूयेच्या सासरच्यांनी बोलणी करताना स्पष्टच सांगितलं होतं की लग्नाला बँड पाहिजे. सनई आता देवाला. माणसांच्या लग्नात पितळेचा बँड नसेल तर पाव्हणे नाव ठेवतात. वाजंत्र्याच्या लेकीच्या लग्नात बाहेरचे वाजंत्री आणायचे, ही गोष्ट मामंजींच्या घशाखाली उतरेना. मग मालकांनी हळूच सांगितलं की मिरजेच्या पौलस मास्तरांकडं ते दोन वर्षांपासून क्लॅरिनेट शिकताहेत. सुगी झाली की कामाच्या निमित्तानं जायचे ते हेच काम. मास्तरांच्या बँडात पुढं उभं राहून ते स्वतः बहिणीच्या लग्नात वाजवणार होते.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले. पलटणीच्या बँडात उमर घालवलेला ताठ माणूस, मिशा पिकलेल्या, बोलणं शहरी. मामंजी त्यांना टाळतील असं मला वाटलं होतं. पण वाद्याचं बोलणं निघालं आणि दोघे म्हातारे जावळाच्या पोराभोवती बसावं तसे त्या क्लॅरिनेटाभोवती बसले. मास्तर सांगत होते की ही सगळी जात फुंकून वाजायच्या लाकडी नळ्यांची. जर्मनीत एका कारागिरानं साध्या नळीला दोन चाव्या लावल्या तिथून क्लॅरिनेट सुरू झालं, त्याला अडीचशे वर्षं झाली. मग कुणाला एक स्वर सापडेना म्हणून त्यानं तिसरी चावी लावली, कुणी चौथी. बापानं न लावलेली मुलानं लावली. आमचं हे वाद्य तेरा चाव्यांवर येऊन थांबलंय, आता तर चाव्यांच्या जागाच बदलून नवी तऱ्हा निघाली आहे.

मामंजींनी मागची चावी दाबून फुंकायला सांगितलं. मालकांनी फुंकलं. मामंजी चकित झाले.

"आमची जोरानं फुंकली तर सा चा वरला सा निघतो. हे सा वरनं उडून पार वरल्या पंचमावर बसलं. असं कसं?"

मास्तर हसून म्हणाले, ती त्याची जन्मखोड. पण तुमच्या सनईसारखं वागणारं एक वाद्य आमच्यात आहे, ओबो. त्याला क्लॅरिनेटासारखी एक पत्ती नसते, तुमच्यासारखी दोन पातींची असते. फुंकलं की सा चा सा. पुस्तकात म्हणतात की सनईच्याच कुळातली कुणी सुरनाई पूर्वेकडून तिकडं गेली. तिकडं ती पहिल्यांदा मैदानात वाजायची, कानठळ्या बसवायची. मग राजेलोकांनी तिला दिवाणखान्यात बोलावलं, तेव्हा तिनं आवाज बारीक केला, अंग तासून घेतलं, चाव्या घातल्या.

"म्हंजे सासरी गेली म्हणा," मामंजी म्हणाले.

मी चुलीपुढं होते. मला हसू आलं आणि नाही पण आलं.

मास्तर जाताना एक गोष्ट बोलले. हे वाद्य जुन्या पलटणीचं आहे, आणि जुन्या पलटणींचा सूर चढा असायचा. पुढं सगळ्यांनी उतरवून घेतला. म्हणून हे बँडातल्या इतरांपेक्षा थोडं चढं बोलेल. सांधा जरा बाहेर ओढून वाजवलं की बरंचसं जमतं, दोन-तीन स्वर तेवढे हट्टी राहतात. चालून जाईल, कॉर्नेटाच्या पितळी आवाजात कुणाला कळतंय.

पण घरात एका माणसाला कळत होतं. फाल्गुन-चैत्र मालक रोज तिसऱ्या प्रहरी सराव करायचे आणि मामंजी पाठ करून बसायचे. ते दोन-तीन स्वर आले की मानेवर माशी बसावी तशी त्यांची मान हलायची. पहाटे मात्र बापलेक नेहमीसारखे नगारखान्यात जायचे.

लग्नाच्या आदल्या दिवशी मालक मांडवाचे डहाळे आणायला गेले होते. मी ओसरीवर शेवया वळत होते. मामंजींनी पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं आणि कमरेच्या चंचीतून मेणाची डबी काढली. सनईचं भोक चढं बोलायला लागलं की त्याच्या कडेला तिळाच्या तेलात मळलेलं मेण लावून ते उतरवतात, ही सनईवाल्यांची जुनी रीत. मेण कडक असेल तर ऊन करायचं, बाभळीच्या काट्यानं उचलायचं, वरच्या कडेला चिकटवायचं, फुंकून बघायचं, जास्त झालं तर खरवडायचं. मामंजींनी तेच सुरू केलं. भिंतीकडं तोंड करून अगदी हळू फुंकायचे. चाव्यांखालच्या भोकांना मेण लावायला काटा पोचेना तर चावी अंगठ्यानं वर धरून डोळे बारीक करत होते. दुपारभर त्यांचं ते चाललं. शेवटी एकदा सगळे स्वर वर-खाली वाजवले आणि माझ्याकडं वळले.

"त्याला सांगू नगंस, पोरी. कळलं तर खरवडून काढंल. उद्या गोड वाजलं म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी वैशाखातलं ऊन. नवरदेव पारावरून निघाला, पुढं बँड, बँडाच्या पुढं मालक. लाल कोट, डोक्याला तुर्‍याची टोपी. काय वाजलं ते क्लॅरिनेट. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळलं की काल-परवापर्यंत जे कुठंतरी अडखळायचं ते आज वाहतंय. पौलस मास्तर दोनदा पुढं येऊन बघून गेले. मामंजी व्याह्यांच्या मागं डोळे मिटून चालत होते, ठेच लागेल ह्याचं भान नव्हतं.

वेशीपर्यंत तसं चाललं. ऊन डोक्यावर आलं, काळं लाकूड तव्यासारखं तापलं. सनईच्या भोकांवर नुसती बोटं असतात. मेण मऊ झालं तर बोटाला लागतं, पुसून टाकता येतं. क्लॅरिनेटाच्या चाव्यांखाली कातड्याच्या गाद्या असतात. मेण वितळून त्या गाद्यांना लागलं आणि चावी मिटली ती उघडेना. वेशीत गाणं वर चढायचं तिथं एक घोगरा आवाज निघाला, बोकड ओरडल्यासारखा. मालकांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच.

वरपक्षातला एक फेटेवाला म्हणाला, "अहो, वाजंत्री सांगितला होता, बकरं कशाला आणलं? ते संध्याकाळच्या जेवणाला."

लोक हसले. कॉर्नेटवाल्यानं गाणं उचललं आणि मिरवणूक पुढं सरकली. मालक तिथंच उभे राहिले. नखानं चावी उचकटली. गादीला मेणाची तार लागून आली. त्यांनी ती बोटांत चोळून पाहिली, वास घेतला, तिळाच्या तेलाचा, आणि बापाकडं बघितलं. कमरेला मेण बाळगणारा माणूस त्या मिरवणुकीत एकच होता.

लग्न लागलं. अनसूया रडत रडत गाडीत बसली. पाठवणी झाल्यावर मालक मामंजींपुढं येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"तुम्हाला सूर धरणारा पायजे हुता, बा. पोरगा नको हुता."

मामंजी खाली बघत राहिले. मी आडाशी मालकांना गाठलं आणि काल दुपारी काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, तीन महिने होते, मेण लावायला लग्नाचा आदला दिवसच सापडला? माझ्याकडं बघायलाही थांबले नाहीत. त्याच रात्री बँडाबरोबर मिरजेला गेले.

मी मामंजींना म्हटलं की तुम्ही खरं का नाही सांगितलं. ते म्हणाले, "मेण माझंच हुतं. वितळलं ते बी माझंच. सांगायचं काय?"

दुसऱ्या पहाटे ते एकटेच नगारखान्यात गेले. अंथरुणातून मी सनई ऐकली. सूर नसलेली सनई कशी लागते ते मला पहिल्यांदा कळलं. ओसाड माळावर एकटं माणूस बोलत सुटावं तशी. गावालाही कळलं. मामंजींनी पुतण्याला बसवून पाहिलं, त्याचा श्वास मध्येच तुटायचा आणि तो खोकत बसायचा. आठवड्याभरात बाळाप्पा पुजारी आले. माणूस वाईट नव्हता, बोलताना त्याला जड जात होतं. पंच म्हणतात की देवळावर कर्णा बसवू, सनईच्या तबकड्या मिळतात, रोज पहाटे लावायच्या. दसऱ्यापर्यंत सूर धरणारा मिळाला तर ठीक, नाहीतर सिद्रामनं थकल्याचं सांगून मान सोडावा.

मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत.

आमच्याकडं जळणाला कापसाच्या पळाट्या, पावसाळ्यात त्या ओल्या. फुंकणी घेऊन चूल पेटवताना आम्हा बायकांचा निम्मा जन्म जातो. थांबलं की धूर डोळ्यात. तोंडातली हवा सोडता सोडता नाकानं नवी ओढायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, चुलीनं शिकवलं होतं. मालकांची सुराची सनई खुंटीला तशीच टांगलेली होती. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी ती काढली. पत्ती ओठात धरली. पहिल्यांदा नुसती हवा, मग फाटका आवाज, मग सूर आला. गालानं सोडला, नाकानं ओढला, आणि तो राहिला. किती वेळ ते ठाऊक नाही. डोळे उघडले तर मामंजी उंबऱ्यात उभे.

मी सनई पदराखाली घेतली. ते आत आले आणि तांब्याभर पाणी आणि धाटाची पोकळ नळी माझ्यापुढं ठेवली.

"ह्यात फुंक. बुडबुडं तुटाय न्हाई पायजेत."

मी फुंकत राहिले. ते बघत राहिले. मध्ये त्यांनी पान लावलं, खाल्लं, बाहेर जाऊन थुंकून आले. बुडबुडे चालूच होते.

मी म्हटलं, बाई नगारखान्यात गेलेली कुणी पाहिली नाही. ते म्हणाले, "गाव ऐकतंय, पोरी. बघत कुठं हाय?"

श्रावणातल्या एका पहाटे अंधारात मी त्यांच्या मागं नगारखान्याची पायरी चढले, डोक्यावरून घोंगडं घेऊन. भैरू गुरव नगारा शेकत बसला होता. त्यानं मला पाहिलं, नगारा थोडा बाजूला सरकवून जागा केली आणि एवढंच म्हणाला, "उतरताना तिसरी पायरी सांभाळ, हलतीया."

मी सूर धरला. मामंजींनी सनई तोंडाला लावली आणि लावताच खाली घेतली. मला वाटलं, चुकलं. पण त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि पुन्हा लावली.

गावात बातमी झाली की दशरथ परत आला. आडावर बायका विचारायच्या, मालक कवा आलं गं? मी दोर ओढत राहायचे. पण माझे फुगलेले ओठ बघून दोघी-चौघींना कळलं असावं, कारण पुढं कुणी विचारलं नाही, आणि कुणी पुजाऱ्याला सांगितलंही नाही. कर्ण्याचं बोलणं मागं पडलं. मला मात्र दसऱ्याची भीती होती. दसऱ्याला नाथाची पालखी निघते आणि सनई नगारखान्यातून खाली उतरून, दिवसाउजेडी, गावभर पालखीपुढं चालते.

पंचांनी त्या वर्षी पालखीला बँडही सांगितला होता. मिरजेचा, पौलस मास्तरांचा. हे आम्हाला आदल्या दिवशी कळलं.

दसऱ्याच्या पहाटे आम्ही वर होतो. नुकतं फटफटलं होतं. गाणं मध्यावर आलेलं आणि जिन्यात पावलं वाजली. तिसरी पायरी हलली. वर मालक आले. लाल कोट, हातात क्लॅरिनेट. खाली पोचल्यावर त्यांनी सूर ऐकला असणार आणि आपल्या जागी कोण बसलंय ते बघायला चढले असणार. मला पाहून ते खांबाशी थबकले.

मला बोलता येईना. सूर तोडायचा नसतो. मामंजींनाही येईना, तोंडात सनई. भैरूनं एकदा वर बघितलं आणि ताल सोडला नाही. मालक आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होते, आणि आम्ही त्यांच्याकडं बघत फुंकत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, गाल फुगलेले, पुसायला हात मोकळा नाही. शेवटी ते भिंतीला टेकून खाली बसले. मामंजींनी त्या दिवशी गाणं आवरलं नाही. उलट लांबवलं. सगळी वळणं घेतली, कुठलीही सोडली नाही. बापाचं गाणं नुसतं समोर बसून ऐकायची मालकांची ती पहिलीच वेळ, एरवी ते शेजारी बसून सूर धरण्यात गुंतलेले असायचे.

गाणं संपलं. नगाऱ्याचा शेवटचा ठोका विरला. मालकांनी क्लॅरिनेट उचलून मामंजींच्या मांडीवर ठेवलं. चाव्यांखाली काहीतरी तांबूस चमकत होतं.

"मास्तरांनी लाख भरलीया," ते म्हणाले. "तुम्ही जिथं मेण लावलं हुतं, तिथंच. तेवढंच."

मामंजींनी एकेक चावी उचलून पाहिली. अंगठ्यानं कडा चाचपली.

मालकच पुढं बोलले. मेण काढायला बसल्यावर मास्तर थांबले होते. बिघडवायचं असतं तर भोक बुजवलं असतं, म्हणाले, हे तर नखाएवढं वरच्या कडेला लावलंय, आणि जे स्वर खोटे होते त्यांनाच. मेण काढून वाजवून बघितलं तर ते स्वर पुन्हा खोटे.

"लाख बरी," मामंजी म्हणाले. "उन्हाला लाख बरी. माझ्या ध्यानात न्हाई आलं."

खाली पालखीची गडबड सुरू झाली होती. मालकांनी माझ्या हातातल्या सनईकडं हात केला. म्हणाले, दे, आज मी धरतो, बँडाला सांगतो दुसरा माणूस घ्या.

मी द्यायला पुढं केली. मामंजींनी मध्येच माझं मनगट धरलं.

"तू तुझं गाणं वाजीव," ते लेकाला म्हणाले. "चाव्याचं. सूर धरायला घरात माणूस हाय."

"बा, खाली? सगळ्यांपुढं?"

"मग काय झालं?"

आम्ही उतरलो. घोंगडं मी वरच ठेवलं. महाद्वारात बाळाप्पा पुजारी आरतीचं ताट घेऊन उभे होते. त्यांची नजर माझ्या हातातल्या सनईवर गेली, मग माझ्या तोंडाकडं. म्हणाले, सिद्राम, बाई कशी चालेल पालखीपुढं? मामंजी बोलणार तेवढ्यात मागून नगारा सावरत भैरू गुरव म्हणाला, "आत नाथाच्या शेजारी जोगेश्वरी बसलीया, ती कशी चालती ते इचारा आधी."

पुजारी हसले नाहीत, पण ताट घेऊन बाजूला झाले.

पालखी निघाली. पुढं बँड, बँडापुढं मालक. मागं पालखीपाशी मामंजी आणि मी. बायका दारादारांत उभ्या होत्या. त्यांतल्या काहींनी तोंडाला पदर लावला, एक म्हातारी मात्र जवळ येऊन माझ्या कपाळाला गुलाल लावून गेली. वेशीत आल्यावर बँड थांबला आणि नुसतं क्लॅरिनेट वाजलं. ते वैशाखातलंच गाणं. ऊन तेव्हासारखंच होतं. गाणं वर चढलं, जिथं अडलं होतं तिथं अडलं नाही. मामंजींनी स्वतःची सनई खाली घेतली आणि मला खूण केली. मी क्लॅरिनेटाला सूर धरला. त्या दिवशी वेशीत दोनच वाद्यं वाजत होती, नवऱ्याचं आणि माझं, आणि माझे सासरे हात मोकळे सोडून ऐकत उभे होते.

मालक दर शनिवारी मिरजेहून यायचे. पुढं त्यांनी स्वतःचा बँड काढला. नगारखान्यात सूर मी धरत राहिले.

माझे सासरे सिद्राम ऐवळे एकोणीसशे चौसष्ट साली पौष महिन्यात, पहाटेची सनई वाजवून घरी आल्यावर वारले. मालक, दशरथ सिद्राम ऐवळे, एकोणीसशे एक्याण्णव साली मिरजेच्या दवाखान्यात वारले.